एका पाटाचा हिशोब: गॅलरीतलं सुतारकाम, एक सूत आणि हातकामाची किंमत

(ज्यांना भाग ऐकायला वेळ मिळाला नाही त्यांच्यासाठी हे शब्दांकन. बोलण्याच्या ओघातले ‘म्हणजे’ आणि ‘काय असतं ना’ थोडे कमी केलेत. बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

 

गेल्या काही भागांनंतर तुमचे मेसेज आले, त्यात दोन प्रश्न परत परत होते. पहिला: “दादा, घरात सुतारकाम सुरू करायचंय, पहिली वस्तू काय करू?” दुसरा: “करून विकता येईल का? किती सुटतील?” आज दोन्हींची उत्तरं एकाच वस्तूतून देणार आहे. ती वस्तू म्हणजे पाट. बसायचा साधा लाकडी पाट.

पाटच का? मोबाइल स्टँड एका दुपारी होतो, पण त्यातून लाकूड कळत नाही. पलंग करायला घेतला तर अर्ध्यावर कंटाळा येतो. पाट म्हणजे वर एक फळी आणि खाली दोन आडव्या पट्ट्या. दिसायला सोपा. पण लाकूड कसं वागतं याचा जवळजवळ सगळा धडा त्यात आहे.

जागा आणि हत्यारं

माझी कार्यशाळा म्हणजे पुण्यातल्या फ्लॅटची गॅलरी. नऊ फूट बाय चार फूट, त्यातही एका कोपऱ्यात वॉशिंग मशीन. “वर्कशॉपला जागाच नाही हो” म्हणणाऱ्यांसाठी सांगतोय. आपल्याकडचे जुने सुतार टेबल वापरतच नव्हते. जमिनीवर बसायचं, तुकडा पायानं दाबून धरायचा, हात मोकळे ठेवायचे. आमचे तात्या, म्हणजे माझे चुलते, साताऱ्याकडे गावी असतात, ते आजही असंच काम करतात. सत्तरी ओलांडलीय त्यांनी. मी बाकाला शेगडा लावून घेतलाय, शेगडा म्हणजे व्हाइस, कारण माझे गुडघे तात्यांसारखे नाहीत.

हत्यारं मोजकी घ्या. एक करवत, एक लोखंडी रंधा, अर्धा इंची आणि एक इंची अशा दोन पटाश्या, काटकोन तपासायला गुण्या, स्टीलची पट्टी, लाकडी थापी, दोन-तीन क्लॅम्प, आणि धार लावायला दगड. दगडावर काटकसर करू नका. नवी पटाशी दुकानातून आणली की तिला कामाची धार नसते. साधारण पंचवीस अंशांचा उतार घासून घ्यायचा आणि टोकाला तीस अंशांची बारीक कड काढायची. मागची बाजू आरशासारखी सपाट हवी. धार आली का हे पाहायचं तर मऊ लाकडाच्या डोक्यावर, म्हणजे जिथे रेषा कापल्या जातात तिथे, पटाशी हातानं ढकला. भुगा पडला तर धार नाही. पातळ पापुद्रा निघाला तर आहे.

लोकांना वाटतं बोथट हत्यार सुरक्षित. उलट आहे. बोथट पटाशीला जोर लावावा लागतो, जोर लावला की ती सटकते, आणि सटकली की दुसऱ्या हाताकडे जाते. म्हणून एकच नियम: पटाशीच्या वाटेत हात नाही.

आणि कृपा करून रील्स बघून अँगल ग्राइंडरला लाकूड कापायचं दातेरी पातं लावू नका. ते यंत्र त्यासाठी नाही. पातं लाकडात अडकलं की सगळं यंत्र अंगावर उसळतं. हाताची करवत संथ आहे, पण चूक झाली तर थांबायला वेळ देते.

लाकूड आणायला चला

लाकूड वखारीत घ्यायचं आणि तिथे भाषा घनफुटाची. एक फूट लांब, एक फूट रुंद, एक इंच जाड फळी म्हणजे घनफुटाचा बारावा भाग. आपला पाट अठरा इंच बाय बारा इंच, जाडी एक इंच. म्हणजे दीड चौरस फूट भागिले बारा, ०.१२५ घनफूट. खालच्या पट्ट्या आणि कापण्यातली घट धरून ०.२ घनफूट पकडा.

वखारीत अजून एक माप ऐकाल: सूत. एका इंचाचे आठ सूत. “तीन सूत कमी कर” असं मिस्त्री पोराला सांगतो तेव्हा तो दोऱ्याबद्दल बोलत नसतो. हे सूत लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

कोणतं लाकूड? पहिल्या पाटाला सागवान घ्यावं असं माझं मत. महाग आहे, पण ऋतूबरोबर कमी हलतं, वाळवी सहज लागत नाही, आणि कापायला सरळ. दोन गोष्टी मात्र सांभाळा. सागवानात सिलिका असते, त्यामुळे धार लवकर मरते. दर वीस-पंचवीस मिनिटांनी दगडाकडे जायची तयारी ठेवा. आणि त्यात नैसर्गिक तेल असतं, म्हणून चिकटवायच्या कडा रंधा मारल्याबरोबर, ताज्या असतानाच जोडायच्या. शिळी कड असेल तर थिनरच्या फडक्यानं पुसून घ्यायची.

खिसा हलका असेल तर जुनं लाकूड बघा. पाडलेल्या वाड्यांचे वासे, जुन्या खिडक्यांच्या चौकटी जुन्या बाजारात मिळतात. वर्षानुवर्षं वाळलेलं असतं, वागणं शांत असतं. फक्त आधी चांगलं लोहचुंबक फिरवा. आत दडलेला एक खिळा रंध्याचं पातं खाऊन टाकतो.

पाट का फुटतो?

आता मुद्द्यावर. घरी जुना पाट असेल तर उलटा करून बघा. बऱ्याच पाटांना मधोमध, लांबीच्या दिशेनं चीर गेलेली असते. आजी म्हणते, “कोणीतरी आपटला.” आपटला नसेलही. पाट बऱ्याचदा स्वतःच फुटतो.

झाडाचे तंतू म्हणजे बारीक नळ्यांचा जुडगा समजा. हवा दमट झाली की नळ्यांच्या भिंती पाणी शोषतात आणि फुगतात. कोरडी झाली की आकसतात. गंमत अशी की नळी जाड होते, लांब होत नाही. म्हणून फळीची लांबी वर्षभर जवळजवळ तीच राहते, आणि रुंदी बदलत राहते. जुलैत बाथरूमचं लाकडी दार का अडकतं आणि मार्चमध्ये का मोकळं होतं, ते हेच.

किती बदलते? आकडे घेऊ. ओलं सागवान पूर्ण वाळवलं, म्हणजे ओलावा साधारण तीस टक्क्यांवरून शून्यावर आणला, तर ते रुंदीत जास्तीत जास्त ५.३ टक्के आकसतं. आपल्या घरात एवढा फरक कधी पडत नाही. समजा उन्हाळ्यात लाकडातला ओलावा नऊ टक्के आणि पावसाळ्यात पंधरा. फरक सहा टक्क्यांचा. तीसला ५.३, तर सहाला साधारण १.०६ टक्के. बारा इंच रुंदीवर ते होतात ०.१२७ इंच.

एक अष्टमांश इंच म्हणजे ०.१२५. म्हणजेच एक सूत!

आपला पाट दर वर्षी रुंदीत एक सूत फुगतो आणि एक सूत आकसतो. आता खालच्या पट्ट्या आठवा. त्या आडव्या आहेत. त्यांची लांबी पाटाच्या रुंदीच्या दिशेनं जाते, आणि लांबीत लाकूड हलत नाही. म्हणजे वरची फळी हलायला बघते, खालची पट्टी हलत नाही, आणि तुम्ही दोघींना फेव्हिकॉल आणि चार खिळ्यांनी घट्ट बांधून टाकलंय. पावसाळ्यात फळी कमानीसारखी वाकते. उन्हाळ्यात आकसायला जागा नाही मिळाली की मधून तडकते. खिळा जितका पक्का, चीर तितकी नक्की.

मग करायचं काय? पट्टी फळीला धरून ठेवायची, पण बांधून नाही. जुनी पद्धत अशी की फळीच्या खाली आडवी खाच पाडायची, तोंडाशी अरुंद आणि आत रुंद, पारव्याच्या शेपटीसारखी. पट्टीला त्याच आकाराची जीभ ठेवायची आणि बाजूनं सरकवत आत न्यायची. गोंद लावला तर फक्त मध्यभागी. फळी दोन्हीकडे मोकळी हलते, वाकत मात्र नाही. सुंदर काम आहे, पण दहाव्या पाटाला करा.

पहिल्या पाटाला स्क्रू वापरा. प्रत्येक पट्टीला तीन स्क्रू. मधल्याचं भोक गोल. बाजूच्या दोघांची भोकं लांबट, फळीच्या रुंदीच्या दिशेनं एक-दोन सूत जास्त. स्क्रूच्या डोक्याखाली वायसर. पट्टीला गोंद अजिबात नाही. फळी हलली की स्क्रू त्या लांबट भोकात सरकतो. झालं. दहा मिनिटांचं जास्तीचं काम, आणि पाट तुमच्या नातवंडांपर्यंत जाईल.

करायचा क्रम

बारा इंच रुंद एकसंध फळी आता सहज मिळत नाही, मिळाली तर परवडत नाही. म्हणून सहा-सहा इंचाच्या दोन घ्या. जोडायच्या कडा रंध्यानं सरळ करा. दोन्ही कडा एकमेकींवर ठेवून उजेडासमोर धरा. मधून उजेड दिसला तर अजून रंधा. दिसला नाही की गोंद, क्लॅम्प, आणि एक रात्र तसंच ठेवा. क्लॅम्प इतकेच आवळा की गोंदाचे बारीक थेंब बाहेर येतील. सगळा पिळून काढलात तर जोडात उरणार काय?

दुसऱ्या दिवशी वरची बाजू सपाट करा. रंधा रेषेच्या दिशेनं चालवा. मांजराच्या पाठीवरून हात फिरवतो तसं, एका दिशेनं मऊ लागतं, उलट फिरवलं की केस उभे राहतात. लाकडाचंही तेच, उलट रंधा मारला की टवके निघतात. मग पट्ट्या बसवा, कडा थोड्या गोल करा, आणि पॉलिश पेपर ८०, १२०, १८०, २२० या क्रमानं. मधला नंबर गाळू नका, नाहीतर ८०चे ओरखडे तेल लावल्यावर दिसतात.

मास्क लावाच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं लाकडाच्या धुळीला १९९५ मध्येच कर्करोगकारक म्हणून पहिल्या गटात टाकलंय. रंध्याचे पापुद्रे खाली पडतात, त्यांची भीती नाही. पॉलिश पेपरची पिठासारखी धूळ हवेत राहते. एन-९५ मास्क, आणि काम झाल्यावर झाडू न मारता ओल्या फडक्यानं पुसा.

शेवटी तेल. हार्डवेअरच्या दुकानात ‘डबल बॉइल्ड लिनसीड ऑइल’ मिळतं, जवसाचं. पातळ हात द्या, पंधरा मिनिटांनी जास्तीचं पुसा, दुसऱ्या दिवशी पुन्हा. असे तीन हात. हे तेल पाटाला ठीक, पोळपाटाला नको. त्यात ते लवकर वाळावं म्हणून इतर रसायनं मिसळलेली असतात. पोळपाट-लाटण्याला खोबरेल पुरे.

आणि हे नीट ऐका. तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेत वाळतं, त्यात उष्णता तयार होते, आणि चुरगळलेल्या फडक्यात ती साठत जाते. काडी न लावता आग लागू शकते. फडकी मोकळ्या हवेत पसरून वाळवा नाहीतर पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा.

शेजाऱ्यांचंही बघा. थापीचा आवाज भिंतीतून खालच्या मजल्यावर जातो. ठोकाठोकी दुपारच्या आत उरका, रात्री रंधा आणि पेपर. खालच्या काकूंना एक लाटणं करून दिलं तर बरेच प्रश्न सुटतात, हा माझा अनुभव.

आता पैशाचं

दुसरा प्रश्न. विकता येईल का?

माझा हिशोब उघड मांडतो. मी गेल्या वेळी सागवान साडेचार हजार रुपये घनफुटानं घेतलं. ०.२ घनफुटाचे झाले ९०० रुपये. स्क्रू, गोंद, पेपर, तेल मिळून १५०. धार, पाती, हत्यारांची झीज याचे १०० धरा. वेळ लागला नऊ तास. आमच्या भागात चांगल्या सुतारमिस्त्रींची हजेरी हजार रुपयांच्या आसपास आहे, म्हणजे तासाला सव्वाशे. नऊ तासांचे १,१२५. एकूण २,२७५ रुपये. यात नफा नाही, जागेचं भाडं नाही.

ऑनलाइन पाट सहा-सातशेला मिळतो. मग समोरचा विचारणारच, “एवढा का?” त्यात त्याचा दोष नाही. तो पाट वेगळ्या लाकडाचा, यंत्रावर एका वेळी शेकड्यांनी कापलेला. त्याच्याशी मी भावात लढू शकत नाही.

मग एक सोपी वाट सुचते. मला नोकरी आहे. लॅपटॉपवरचं काम महिन्याच्या एक तारखेला पगार देतं. रविवारचे नऊ तास माझी हौस. तेव्हा वेळ धरायचाच नाही, लाकूड-गोंदाचे पैसे निघाले की झालं, पाट बाराशेला द्यायचा. लोक खूश, मी खूश, फोटोवर लाइक्स.

मी तसं करत नाही. कारण तात्या.

आमचं घर पिढीजात सुताराचं. तात्यांच्या वडिलांच्या काळात बलुतं होतं. नांगर, कुळव, पाभर करायची, बैलगाडीचं चाक दुरुस्त करायचं, आणि सुगीला शेतकऱ्यांकडून धान्य घ्यायचं. बाभळीचं लाकूड, वर्षभराचा शब्द. मग ट्रॅक्टर आला, लोखंडी अवजारं आली, बलुतं गेलं. तात्या दारं-खिडक्यांकडे वळले. मग तयार दारं आली, ॲल्युमिनियम आलं. आता पाट, चौरंग, देव्हारे, काठवटी. माझ्या वडिलांनी हे सगळं बघितलं आणि मला रंध्याला हात लावू दिला नाही. “तू शीक, तुझ्या हाताला घट्टे नकोत.” मी शिकलो. नोकरी लागल्यावर रंधा मी स्वतःच्या पगारातून घेतला, तेव्हा ते काही बोलले नाहीत. उचलून बघितला, पात्यावर अंगठा फिरवला आणि म्हणाले, “धार नाही याला.” आणि धार लावून दिली.

आता बघा. मी गॅलरीत पाट केला की लोक म्हणतात, “वा, हँडमेड! काय पेशन्स आहे!” तात्यांनी तोच पाट केला की म्हणतात, “तात्या, जास्त होतात, कमी करा की.” लाकूड तेच, जोड तसाच, खरं सांगायचं तर तात्यांचा जोड माझ्यापेक्षा सरळ. माझ्या वेळेला लोक कला म्हणतात, त्यांच्या वेळेची मजुरी करतात आणि तीही घासाघीस करून देतात.

गेल्या दिवाळीत मी तात्यांना म्हटलं, बाराशेला विकून बघू का, चार लोकांपर्यंत काम पोहोचेल. ते चौरंगाचा पाय तासत होते. न बघता म्हणाले, “तू बाराशेला दिलास की माझ्याकडे येणारा म्हणेल, पुण्यात बाराशेला मिळतो. तुझा पगार कुठं जात नाही. माझी हजेरी जाईल.”

त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही. म्हणून मी दोनच गोष्टी करतो. एक तर पाट भेट देतो, लग्नात, बारशाला, एक रुपया न घेता. नाहीतर पूर्ण हिशोबानं विकतो, २,२७५च्या खाली नाही. मधला भाव नाही. आणि कोणाला जास्त नग हवे असतील तर तात्यांचा नंबर देतो. गेल्या वर्षभरात मी स्वतः विकलेले पाट तीन. तात्यांकडे त्यातून गेलेल्या ऑर्डरी त्यापेक्षा जास्त आहेत, आणि त्यांचा भाव आता माझ्याएवढाच आहे. सुरुवातीला तो सांगताना ते अडखळायचे. आता कागदावर घनफूट आणि तास लिहून दाखवतात.

तुमच्या घरात कोणी हातानं काम करणारं सुतार असेल तर एक माहिती देऊन ठेवतो. केंद्र सरकारची पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली. अठरा पारंपरिक व्यवसायांत सुतारकाम आहे. प्रशिक्षण, हत्यारांसाठी पंधरा हजार रुपयांपर्यंत मदत, आणि कमी व्याजाचं कर्ज असं तिचं स्वरूप. नोंदणी कॉमन सर्व्हिस सेंटरमधून होते. ही योजना आपल्यासारख्या हौशींसाठी नाही, ज्यांचं पोट त्यावर आहे त्यांच्यासाठी आहे. पण फॉर्म भरून द्यायला, ओटीपी सांगायला आपण बसू शकतो ना शेजारी? तेवढं करा.

तर मंडळी, पहिली वस्तू पाट. लांबट भोकं विसरू नका. विकणार असाल तर स्वतःचा वेळ फुकट धरू नका, कारण त्या फुकट वेळाची किंमत दुसरंच कोणीतरी भरतं. आणि पुढच्या वेळी कोणा मिस्त्रींशी घासाघीस करायची इच्छा झाली तर आधी विचारा, “किती तास लागले?”

पुढच्या भागात धार लावण्यावर सविस्तर बोलू, दगड कोणता घ्यायचा ते हातात धरायचं कसं इथपर्यंत. घरातला जुना पाट उलटा करून त्याचा फोटो पाठवा, पट्ट्या कशा बसवल्यात ते बघू. काही जुन्या पाटांत अशी जोडणी सापडेल की आपण दोघंही शिकू.

काळजी घ्या, बोटं सांभाळा. भेटू!